एका कपलिंगसाठी: बामणोली ते माधवनगर आणि परत

बुधवारी संध्याकाळी मामांचा फोन आला. मामा फोनवर गप्पा मारत नाहीत, रिपोर्ट देतात. सत्तावीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून रिटायर झाले, त्याची सवय.

"बोट बंद हाय. इंजिन चालतंय, बोट जाग्याला. मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स गेला. महाबळेश्वरच्या बाजूचा एक हॉटेलवाला घ्यायला तयार हाय. सोमवारी सकाळी येतोय. तुला कळवायचं म्हणून केला."

"बंद बोटीचं हॉटेलवाला काय करणार?"

"लॉनवर ठेवणार. लोक आत बसून फोटो काढत्यात म्हनं."

मी दोन दिवसांची सुट्टी टाकली. कारण साधं होतं. दोन वर्षांपूर्वी ही बोट गोव्याहून जुनी घेतली, तेव्हा तपासायला मीच गेले होते. मी पुण्यात पंप बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनला आहे. बोटीचा गिअरबॉक्स उघडून, पाहून, "चांगला आहे, घ्या" असं मी म्हणाले होते, आणि मामांनी रिटायर झाल्यावर हाती आलेल्या पैशांतला मोठा भाग त्यात घातला होता. गिअरबॉक्स खरंच गेला असेल, तर दोन वर्षांपूर्वी मी चुकले होते. मला ते सोमवारच्या आत कळायला हवं होतं.

शुक्रवारी पहाटे निघाले. पुणे ते सातारा हा रस्ता तुम्हाला माहीत आहे, त्यावर वेगळं लिहीत नाही. खंबाटकीत ट्रकांच्या मागे अर्धा तास गेला एवढीच नोंद. साताऱ्यात शिरून यवतेश्वरचा घाट चढला की वाहनं एकदम कमी होतात. कासचं पठार फेब्रुवारीत पाहिलं नसेल तर जरूर पाहा. फुलं नाहीत, माणसं नाहीत, तिकीट नाही. पिवळं वाळकं गवत आणि काळा कातळ. कासचा तलाव मागे टाकला की रस्ता बामणोलीकडे उतरायला लागतो. उतार तीव्र आहे, काही वळणं आंधळी आहेत. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर भिस्त ठेवू नका. वाटेत पेट्रोलपंप नाही, साताऱ्यातच टाकी भरून घ्या.

खाली कोयनेचं पाणी दिसतं. वासोट्याला जाणाऱ्यांना ते माहीत असतं, सकाळी बोट धरायची आणि संध्याकाळी परत यायचं. मामांचं गाव बामणोलीच्या अलीकडे आहे. ते वासोट्याला फारसे जात नाहीत. त्यांची बोट मुख्यतः पल्याडच्या वाडीसाठी चालते. वाडीच्या शाळेतल्या बाई रोज सकाळी तिच्यातूनच जातात. बोट बंद झाल्यापासून त्या रस्त्याने वळसा घालून जात होत्या, आणि शाळा रोज दीड तास उशिरा भरत होती.

मामी दारातच होती. "आली का इंजिनेरबाई? आधी खाऊन घे. त्यांचं तोंड बघितलंस का? पाच दिस झाले, माणूस बोलंना. आधी तरी कुठं बोलत हुता म्हना."

नाचणीची भाकरी आणि तळलेला मासा खाऊन आम्ही पाण्यावर गेलो.

बोट चोवीस फुटांची, फायबरची. मामांनी तिचं नाक चिखलात ओढून दोन दोरांनी बांधलं होतं. दोर कसे बांधावेत ते या माणसाकडून शिकावं. इंजिनाचं झाकण उघडलं. एवढं स्वच्छ इंजिन मी कारखान्यातही पाहिलेलं नाही. प्रत्येक नट चकाकत होता. झाकणाच्या आतल्या बाजूला देखभालीचा कागद लावलेला होता, माझ्या अक्षरातला. बोट घेतली त्या दिवशी मी घाईने लिहून दिला होता. मामांनी तो लॅमिनेट करून घेतला होता. मला बरं वाटलं. कागद वाचला मात्र नाही. स्वतःचं लिहिलेलं कोण वाचतं?

"मेकॅनिकनं काय पाहिलं?" मी विचारलं.

"गिअर टाकला. बोट हळू सरकली. रेस दिली तवा इंजिन बोंबललं, बोट थांबली. तो म्हणाला, ट्रॅक्टरची क्लचप्लेट गेल्यावर असंच हुतंय. गिअरबॉक्सातल्या प्लेटा गेल्या."

त्याचा तर्क चुकीचा नव्हता. फक्त अर्धा होता. इंजिनाची ताकद बोट ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत जाताना तीन ठिकाणी निसटू शकते. गिअरबॉक्सात, पंख्यावर, किंवा या दोघांना जोडणाऱ्या कपलिंगमध्ये. पंखा मी पाण्यात हात घालून पाहिला, घट्ट होता. राहिलं कपलिंग. गिअरबॉक्सच्या मागे पत्र्याच्या डब्याखाली ते झाकलेलं असतं. बाहेर लोखंडाची कडी, आत लोखंडाचा तुंबा, आणि दोघांच्या मध्ये चिकटवलेलं जाड रबर. कडी गिअरबॉक्स फिरवतो, तुंब्यात पंख्याची दांडी बसते. मधलं रबर हादरे खातं.

पत्रा काढला. रबर वरून अखंड दिसत होतं. मी खिशातून खडू काढला आणि कडीवरून रबरावर, रबरावरून तुंब्यावर अशी एक सरळ रेघ ओढली.

"हे काय?" मामा म्हणाले.

"साक्षीदार."

इंजिन चालू केलं. मामांनी गिअर टाकला, मी दहापर्यंत मोजलं, त्यांनी रेस दिली. इंजिन बोंबललं. बंद केलं. रबर जळल्याचा वास आला. वाकून पाहिलं. कडीवरची रेघ उजवीकडे खाली गेली होती. तुंब्यावरची जवळजवळ होती तिथेच होती.

मी तीन वेळा केलं. एकदा चुकून दिसू शकतं, म्हणून तीन वेळा. तिन्ही वेळा रेघा फाटल्या. गिअरबॉक्स कडीला इमानाने फिरवत होता. रबर लोखंडापासून सुटलं होतं आणि तुंबा आत मोकळा घसरत होता. हळू चालवलं की थोडं धरायचं, जोर दिला की सोडायचं.

"गिअरबॉक्स चांगला आहे," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला असावा.

मामांनी वाकून खडूच्या रेघा पाहिल्या. "म्हंजी एवढंच?"

"एवढंच. पण हे मुंबईहून मागवलं तर तीन आठवडे. सोमवारच्या आत हवं असेल तर कुणीतरी यात नवीन रबर भरून द्यायला हवं."

मामा विचार करून म्हणाले, "सांगलीला साखर कारखान्यांची असली रबरं भरत्यात. इस्लामपूरला माझा जोडीदार हाय, एका पलटणीतला. इचारतो."

दांडी मागे सरकवून कपलिंग काढायला दोन तास लागले. यातली धोक्याची गोष्ट एकच. दांडी जास्त मागे गेली तर ती बोटीतून बाहेर पडते आणि त्या भोकातून तलाव आत येतो. मामांनी दांडीला दोर बांधून चार बोटांपलीकडे जाणार नाही अशी गाठ मारली. पुलरने, म्हणजे ओढून काढायच्या पकडीने, तुंबा सुटला तेव्हा त्यांनी फडकं घेतलं आणि सवयीने कपलिंग पुसायला सुरुवात केली. मी म्हणाले, राहू द्या, असंच नेऊ.

शनिवारी उजाडता उजाडता निघालो. पुन्हा घाट चढून सातारा, मग महामार्गाने उंब्रज, कराड, पेठ नाका. तिथून डावीकडे इस्लामपूर, आष्टा, सांगली. बामणोलीहून माधवनगर साधारण चार तास. हंगामात जाणार असाल तर वरचा तास धरा, कारण पेठ नाक्यापासून पुढे उसाचे ट्रॅक्टर असतात. एकाला दोन ट्रॉल्या, बाजूने लोंबणारा ऊस, मागे दिवा नाही. ओव्हरटेक करण्याची घाई करू नका. मामांना मी गाडी चालवताना बोललेलं आवडत नाही, तरी ते एकदा बोललेच. "शीतल, ट्रॉलीच्या मागं ऱ्हा. ऊस पडला तर आपल्यावर पडंल, पन दिसंल तरी."

इस्लामपूरला मामांचे जोडीदार रस्त्यावरच उभे होते, हातात पत्ता लिहिलेला कागद घेऊन. दोघं बऱ्याच वर्षांनी भेटले. एकमेकांना म्हणाले एवढंच:

"लय वाळलास गड्या."

"तू बी."

जोडीदारही गाडीत बसून आले. माधवनगरला जुन्या गिरणीच्या बाजूच्या एका गल्लीत पत्र्याची शेड निघाली. आत एक प्रेस, एक लेथ, भिंतीला टांगलेले पन्नासेक साचे. दाराच्या चौकटीवर माझ्या डोक्याच्या वर एक पांढरी आडवी रेघ, पुराच्या पाण्याची. लेथवर एक गृहस्थ मान न वळवता काम करत होते. प्रेसपाशी पन्नाशीच्या बाई होत्या, साडीवर जाड खाकी एप्रन, हातात कोपरापर्यंत मोजे. शशिकलाबाई. रबराचं सगळं काम त्या करतात, नवरा लोखंडाचं.

त्यांनी कपलिंग हातात घेतलं, रबरात नख रुतवलं, आणि नाकाशी नेलं.

"आगं पोरी, ह्याला तेल कुणी पाजलं?"

मी मामांकडे पाहिलं नाही. न पाहताही ते ताठ झालेले मला कळले.

"मी," मामा म्हणाले. "दर आयतवारी पुसतो. तेलाच्या फडक्यानं."

"दर आयतवारी?" बाई हसायला लागल्या. नवऱ्याला हाक मारली. "आवं, हिकडं या. हे बघा, आंघोळ घालून मारलंय ह्याला. कारखान्यातली मान्सं वर्षानुवर्षं बघत बी न्हाईत, त्यांची रबरं टिकत्यात. ह्यांनी माया केली आन् फुगवून टाकलं."

लेथवरचे गृहस्थ म्हणाले, "फौजी हायत वाटतं."

"कशावरनं?" मामांनी विचारलं.

"दुसरं कोन रबर पुसतंय?"

साध्या रबराला खनिज तेल चालत नाही. ते तेल पितं, फुगतं, मऊ पडतं आणि लोखंड सोडतं. मला हे कॉलेजपासून माहीत आहे. आदल्या दिवशी चकाकणारे नट पाहूनही मला सुचलं नव्हतं. तेही इथे लिहून ठेवते.

बाईंकडे कारखान्याची चार कामं आधीची होती. गळिताचा हंगाम, पंप बंद पडला की कारखाना थांबतो, त्यामुळे कारखान्याचं आधी. त्यांनी तसं सांगितलं. "मंगळवारी मिळंल."

"सोमवारी बोट विकली जाणार आहे," मी म्हणाले.

"बोट?" त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. "ह्ये बोटीचं हाय व्हय? मला वाटलं पंपाचं." मग दारावरच्या रेघेकडे हनुवटी केली. "पूर आला तवा आमी दोघं ह्या पत्र्यावर बसलो हुतो. बोट आली आन् हितं गल्लीच्या तोंडाला बंद पडली. दोन तास. समोर दिसतीय, आन् येत न्हाई." त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, ते कारखान्याचं काम प्रेसवरनं उतरवा. कारखान्याला मी फोन करते."

पुढचं काम पाहण्यासारखं होतं. जुनं रबर जाळून काढलं. लोखंड वाळूच्या माऱ्याने पांढरं होईपर्यंत घासलं. मग त्यावर चिकटणारा रंग दोन हात, मध्ये सुकवून. माप तंतोतंत बसेल असा साचा नव्हता. जवळचा एक होता, पंपाच्या कपलिंगचा, त्यात आमचं माप बसावं म्हणून मध्ये घालायची एक रिंग गृहस्थांनी लेथवर कातून दिली. मी व्हर्नियर काढून माप घेतलं. ते म्हणाले, "माझं बरोबर हाय, पन तुमी घ्या. तुमाला झोप लागंल." बरोबर होतं.

रबर निवडताना बाईंनी दोन पट्ट्या माझ्यासमोर ठेवल्या. "ही साधी. ही तेल सोसनारी. महाग हाय, पन ह्यांचा हात काय थांबायचा न्हाई."

तेल सोसणारी घेतली. साचा प्रेसमध्ये गेला. शिजेपर्यंत आम्ही बाहेर जाऊन अख्खा मसूर आणि रोटी खाल्ली. या भागात आलात तर पनीर मागवू नका, अख्खा मसूर मागवा. तिघांचं पाचशेच्या आत झालं. परतताना भडंगाची दोन पाकिटं घेतली, एक ऑफिससाठी.

चार वाजता साचा उघडला. मी पाण्यात टाकून थंड करू का विचारलं, तर बाई म्हणाल्या, "चहा हाय का तो? ऱ्हाऊ दे. सकाळपतुर निवंल आपलं आपन." त्या रात्री आम्ही इस्लामपूरला जोडीदारांकडे मुक्काम केला. दोघं अंगणात बसले होते. बोलणं फार ऐकू आलं नाही, कारण फार झालंच नाही.

रविवारी सकाळी कपलिंग घेतलं. शशिकलाबाईंनी ते स्वच्छ कापडात गुंडाळून मामांच्या हातात दिलं आणि बजावलं, "सुभेदार, ह्याला हात लावायचा न्हाई. रुसलं तरी चालंल."

"व्हय," मामा म्हणाले.

दुपारी दोनला पाण्यावर पोचलो. कपलिंग बसवताना एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बोट काठावर असते तेव्हा तिचा आकार किंचित बदलतो. इंजिन आणि दांडी एका रेषेत आहेत का, हे बोट पाण्यात तरंगत असतानाच मोजायचं. त्यामुळे आम्ही तिला खोल पाण्यात ढकललं. गिअरबॉक्स आणि कपलिंग जिथे जुळतात त्या दोन तबकड्यांमधली फट मी चारी बाजूंनी मापाच्या पातळ पात्याने मोजली. खालच्या बाजूला थोडी जास्त होती. इंजिनाचे मागचे पाय अर्धा आटा वर घेतले, पुन्हा मोजली. असं चार वेळा. पाचव्या वेळी पातं चारी बाजूंना सारखंच अडकलं.

शेवटचा बोल्ट आवळून मी पाठ सरळ केली तेव्हा झाकणावरचा कागद नेमका डोळ्यासमोर आला. लॅमिनेट केलेला, चारी कोपऱ्यांना स्क्रू. मी तो पहिल्यांदाच वाचला.

तिसरी ओळ होती: "दर रविवारी सर्व फिरणारे भाग तेलाच्या फडक्याने पुसणे."

मी ती ओळ दोनदा वाचली. अक्षर माझंच होतं. कपलिंग फिरतं. "सर्व" मध्ये ते येतं. मामांनी काहीही वाढवलं नव्हतं आणि काहीही गाळलं नव्हतं. शंभरेक रविवार.

मामा पुढे सुकाणूपाशी होते.

"मामा, तुम्हाला हे माहीत होतं."

त्यांनी मागे वळून मी कुठे पाहतेय ते पाहिलं. "व्हय. माधवनगरला बाईंनी इचारलं तवाच आठवलं."

"मग तिथं का बोलला नाहीत? त्या दोघांनी तुमची एवढी थट्टा केली."

"चार लोकांत ऑफिसरची चूक काढत न्हाईत," मामा म्हणाले आणि चावी फिरवली.

मी खडूने रेघ ओढली. कडी, रबर, तुंबा. मामांनी गिअर टाकला. बोट सरकली. त्यांनी थोडी रेस दिली, मग अर्धी, मग पूर्ण. नाक वर उठलं, मागे पांढरं पाणी उसळलं, काठावर उभी असलेली मामी लहान होत गेली. मधोमध जाऊन त्यांनी इंजिन बंद केलं. मी पत्रा काढून वाकले.

रेघ एकच होती. कुठेही तुटलेली नाही.

मी पत्रा परत लावला आणि हातावरचा खडू पाण्यात धुतला. बोट आपोआप हलत होती. मामांनी सुकाणू काठाकडे वळवलं.

सोमवारी सकाळी शाळेतल्या बाई साडेसातला काठावर हजर होत्या. कुणी निरोप दिला माहीत नाही. आम्ही त्यांना पल्याड सोडून परतत होतो तेव्हा हॉटेलवाला गाडीतून उतरत होता, सोबत बोट वाहून न्यायला ट्रेलर.

"अहो सुभेदार, ही तर चालतेय!" तो म्हणाला. "मग आमचं काय?"

"तुमाला फोटोच काढायचाय न्हवं?" मामांनी दोर त्याच्याकडे फेकला. "धरा. या आत. चालत्या बोटीत काढू."

तो खरंच आला. फोटोही काढला. ट्रेलर रिकामा गेला.

निघण्यापूर्वी मी नवा कागद लिहिला. आधीच्यापेक्षा लांब झाला. कुठे तेल लावायचं त्या जागा एकेक करून लिहिल्या, आणि वेगळ्या ओळीत: कपलिंगचं रबर कोरडं ठेवणे. मामांनी वाचला, परत दिला.

"सही कर. सहीशिवाय आमी ऑर्डर घेत न्हाई."

सही केली. मामीने भाकऱ्या बांधून दिल्या. घाट चढताना एका वळणावर गाडी थांबवून खाली पाहिलं. बोट पल्याडच्या काठाकडे निघाली होती.

पुण्यात येऊन आता दोन आठवडे झाले. जुना लॅमिनेट केलेला कागद मी मागून आणला आहे. तो ऑफिसात टेबलाच्या काचेखाली आहे, तिसरी ओळ बसल्या जागी दिसेल असा. रविवारी संध्याकाळी मामांचा रिपोर्ट येतो. "बाकी पुसलं. रबर कोरडं हाय." मी "बरं" म्हणते, ते फोन ठेवतात.

आमच्या पंपांबरोबर जे देखभालीचे कागद जातात, ते गेली चार वर्षं मीच लिहिते. रोज संध्याकाळी घरी निघण्यापूर्वी त्यांतला एक काढून वाचते. तो वाचणाऱ्या माणसाच्या हातात फडकं आहे आणि तो माझं अक्षरन् अक्षर पाळणार आहे, असं धरून. आतापर्यंत सहा कागद बदलले. अकरा राहिलेत.